बंद झालेलें दार व पेटती राहिलेली चूल



गेल्या उन्हाळ्यांत सावलीच्या बाजूस एका लहानशा खेड्यांत आमचा मुक्काम होता. संध्याकाळची सभा आटोपली व मंडळी आपापल्या घरीं गेली, परंतु एक बाई ओसरीच्या खांबाशीं उभीच राहिली. सर्व गेल्याची खात्री झाल्यावर तिनें पदराच्या गांठींत बांधलेला एक कागद सोडून आमच्यापुढें धरला. तो तिच्या मुलाच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल होता.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "माहा पोरगा दोनदा नापास झाला जी. आता मी कोनत्याच कामाचा नाही म्हनते. तुमीच सांगा, मी त्याले काय सांगू?"

आम्हीं तिला जें सांगितलें तें अशा प्रसंगीं सगळेच सांगतात : धीर सोडूं नये, पुन्हां प्रयत्न करावा, अपयश सर्वांसच येतें. तिनें मान हलविली. परंतु पायरी उतरतांना ती सहज बोलून गेली, "सारे झोपल्यावर उठते जी तो. अन् अंधारातच जेवते."

तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, तिच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दिलेंच नव्हतें. तो मुलगा परीक्षेंत नापास झाला होता एवढेंच नव्हे; आपल्याच घरच्या अन्नावर आपला हक्क उरला नाहीं, असें त्याला वाटूं लागलें होतें.

या बाईसारख्या माता व तिच्या मुलासारखीं मुलें आमच्या प्रत्येक मंडळींत आहेत. कोणी दहावींत अडकला आहे. कोणी पोलीस-भरतीसाठीं तीन वर्षें पहाटे रस्त्यानें धांवून शेवटीं यादींत नांव न आल्यामुळें घरीं बसला आहे. कोणा मुलीची शाळा घरच्यांबरोबर मिरची तोडण्यास तेलंगणांत जावें लागल्यामुळें सुटली आहे. आमच्या उपदेशक बंधूंस अशांच्या घरीं वारंवार जावें लागतें, व तेथें काय बोलावें हें सुचत नाहीं असें ते आम्हांस सांगतात. त्यांच्यासाठीं व त्या मातांसाठीं हा धडा आम्ही लिहीत आहों. तो एकट्यानें वाचून ठेवून देऊं नये. सभेंत मोठ्यानें वाचावा, आणि शेवटीं दिलेल्या प्रश्नांवर सर्वांनीं मिळून बोलावें.

एका गरीब घरचा मुलगा

उदाहरणासाठीं आपणांस दूर जावयास नको. मूलहून गडचिरोलीकडे जातांना, वैनगंगा ओलांडण्यापूर्वीं, सावली लागते. भोंवतालीं धानाच्या बांध्या, जागोजागीं तलाव, आणि त्यांपलीकडे जंगल, असा हा मुलूख. एके काळीं सावली या नांवाचा विधानसभेचा एक मतदारसंघ होता. १९६२ सालच्या निवडणुकींत तेथून मारोतराव कन्नमवार निवडून आले. त्याच वर्षीं चीनशीं युद्ध झालें, आणि महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांस देशाचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलावण्यांत आलें. त्यांच्या जागीं २० नोव्हेंबर १९६२ रोजीं कन्नमवार मुख्यमंत्री झाले. सावलीच्या धानपट्ट्यांतून निवडून गेलेला मनुष्य मुंबईस राज्याच्या मुख्य आसनावर बसला. आमच्या भागांतील वृद्ध माणसें आजही त्यांस आदरानें दादासाहेब म्हणतात, आणि त्यांच्या नांवामागें कर्मवीर हें पद लावतात. मुंबईंत विक्रोळीस कन्नमवारनगर म्हणून जी मोठी वसाहत आहे, ती त्यांच्याच नांवाची.

परंतु या शेवटावरून आरंभाची कल्पना यावयाची नाहीं. मारोतरावांचा जन्म १० जानेवारी १९०० रोजीं चांदा जिल्ह्यांत एका गरीब घरीं झाला. चंद्रपुरास त्या काळीं चांदा म्हणत. घरांत द्रव्य नव्हतें, आणि पाठीशीं कोणी मोठा मनुष्य नव्हता. लहान वयांतच त्यांस पोटासाठीं धडपड करावी लागली. वर्तमानपत्रें विकण्याचें कामही त्यांनीं केलें. शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं. त्या काळीं मॅट्रिक हा शब्द केवढा मोठा होता, हें आजच्या मुलांस सांगावें लागेल. कचेरींतील कारकुनी, शाळेंतील चांगली शिक्षकी, कॉलेजाची पायरी, वकिली, या सर्वांकडे जाणारी वाट त्या एका दारांतून जात असे. तें दार ज्याच्यासाठीं पुढें उघडलें नाहीं, त्यानें आयुष्यभर हमाली किंवा मजुरी करावी, असेंच लोक समजत.

मारोतराव त्या दारापाशीं बसून राहिले नाहींत. ते देशाच्या स्वातंत्र्याच्या चळवळींत शिरले, खेडोपाडीं हिंडले, तुरुंगवासही त्यांनीं भोगला. पुढें ते नागपूर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. प्रथम जुन्या मध्यप्रदेशाच्या, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्याच्या, आणि १९६० पासून महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळांत त्यांनीं काम केलें. गणित मांडून पाहा : वर्तमानपत्रें विकणाऱ्या मुलापासून मुख्यमंत्र्याच्या खुर्चीपर्यंत पोहोंचण्यास चाळिसांहून अधिक वर्षें लागलीं. त्या वर्षांतील बहुतेक दिवस कोणाच्या नजरेंत न येणाऱ्या कष्टांचे होते.

यांतून आपण तीन गोष्टी शिकूं.

पहिली गोष्ट : जें दार बंद झालें, तें एकच दार होय

नापास झालेला मुलगा म्हणतो, "मी कोणत्याच कामाचा नाहीं." या वाक्याचा नीट विचार करावा. परीक्षकानें तर एवढेंच सांगितलें होतें कीं, अमुक दिवशीं, अमुक विषयांत, लागत होते तितके गुण मिळाले नाहींत. बाकीचा निकाल मुलानें स्वतःच लावला. गणिताच्या परीक्षकास त्या मुलाची शेतांतील मेहनत ठाऊक नाहीं, लहान बहिणीविषयींची त्याची माया ठाऊक नाहीं, पुढच्या वर्षीं त्याला काय समजूं लागेल हेंही ठाऊक नाहीं. ज्यास जें ठाऊक नाहीं त्याचा निर्णय त्याच्याकडे कां सोंपवावा?

महर्षि धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. ते कोंकणांतील मुरूडचे. १८७५ सालीं, सतरा वर्षांचे असतां, सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते सोबत्यांसह सह्याद्रीचा घाट चढून साताऱ्यास पायीं गेले. ही वाट शंभराहून अधिक मैलांची होती. तेथें पोहोंचल्यावर अधिकाऱ्यानें त्यांच्याकडे पाहिलें. शरीर लहानखुरें, मिशीचा पत्ता नाहीं. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं असें म्हणून त्यांस परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. वाचकहो, ते नापासही झाले नव्हते. त्यांची परीक्षा घेतलीच गेली नाहीं. पायांस फोड आलेला मुलगा तशाच वाटेनें परत आला.

दुसऱ्या वर्षीं ते कोल्हापुरास गेले, व तेथें ती परीक्षा उतरले. मॅट्रिक होईपर्यंत त्यांचें वय तेवीस झालें होतें. १८८४ सालीं ते बी. ए. झाले. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं गणित शिकविलें, विधवांसाठीं आश्रम काढला, १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें, आणि १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. साताऱ्याच्या त्या अधिकाऱ्याच्या एका नजरेवरून त्यांनीं आपली किंमत ठरविली असती, तर कित्येक स्त्रिया निरक्षर राहिल्या असत्या.

सावलीच्या लोकांस हा मुद्दा समजावयास सोपा आहे. येथें खादीचें मोठें केंद्र होतें. गांधी सेवा संघाचें अधिवेशन १९३६ सालीं याच गांवीं भरलें, व त्यासाठीं महात्मा गांधी येथें येऊन राहिले होते. चरख्यावर ज्यांनीं सूत काढलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, सूत तुटतेंच. चांगल्या कातणाराचेंही तुटतें. परंतु सूत तुटलें म्हणून कोणी पेळू फेकून देत नाहीं. तुटलेलें टोंक शोधावयाचें, नवा कापूस त्यास लावावयाचा, पीळ द्यावयाचा, आणि चाक पुन्हां फिरवावयाचें. ज्याच्या चरख्यावर सूत कधींच तुटलें नाहीं, त्यानें तें बहुधा कधीं काढलेंच नसेल.

दुसरी गोष्ट : हातांत असलेलें काम हीही शाळाच होय

वर्तमानपत्र विकणें हें काम लोकांच्या दृष्टीनें हलकें. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, जो मुलगा तें काम डोळे उघडे ठेवून करतो, त्याला पुष्कळ शिकावयास मिळतें. जगांत काय चाललें आहे हें त्याच्या हातांतच असतें. कोणत्या घरीं काय वाचतात, कोणास कशाची चिंता आहे, श्रीमंत कसा बोलतो व गरीब कोठें थांबतो, हें तो रोज पाहतो. नकार ऐकून पुढच्या दारीं जाण्याची संवय त्याला लागते. पुढें ज्यास हजारों लोकांशीं बोलावयाचें होतें, त्यास ही शिकवण निरुपयोगी झाली असेल असें कोण म्हणेल?

येथें आमची स्वतःची हकीकत थोडक्यांत सांगूं. आम्हीही दहावीस एकदां गणितांत नापास झालों होतों. वडील शेतमजूर होते. रिकामा मुलगा घरीं बसवून ठेवणें त्यांस परवडण्यासारखें नव्हतें. त्यांनीं आम्हांस तेंदूच्या फळीवर कामास लावलें. सकाळीं बायामाणसें जंगलांतून पानें आणीत, सत्तर पानांचा एक पुडा बांधीत, व दुपारीं ते पुडे रांगेनें मांडीत. आम्हीं ते मोजून दिवाणजींस आंकडा सांगावयाचा, व शेकड्याच्या दरानें कोणास किती पैसे यावयाचे तें मांडावयाचें. चूक झाली तर एखाद्या म्हाताऱ्या बाईचे दिवसभराचे पैसे बुडावयाचे. जें गणित शाळेंत आमच्या डोक्यांत शिरलें नव्हतें, तें त्या फळीवर शिरलें. कारण तेथें प्रत्येक आंकड्यामागें एक माणूस उभा होता. पुढच्या वेळीं आम्ही उत्तीर्ण झालों. सेमिनरींत असतांना व आज मंडळीचा जमाखर्च लिहितांनाही त्या पुड्यांची आठवण आम्हांस होते.

यावरून कोणी असा अर्थ काढूं नये कीं, मुलांस शाळेंतून काढून कामास लावावें. तसें करणें पाप आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याच्यावर अडचणीमुळें मध्यें कांहीं काळ काम करण्याची पाळी आली आहे, त्यानें तो काळ वायां गेला असें समजूं नये.

आणि कधीं कधीं असेंही घडतें कीं, जुनें दार पुन्हां उघडतच नाहीं, व दुसरी वाट शोधावी लागते. पंडिता रमाबाईंचें चरित्र आमच्या वाचकांस माहीत आहे. १८५८ सालीं त्यांचा जन्म झाला. दुष्काळांत आईबाप गेले, नंतर भाऊ गेला, आणि १८८२ सालीं पतीही गेला. कडेवर लहान मुलगी. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, तेव्हां वैद्यकी शिकून आपल्या देशांतील स्त्रियांची सेवा करावी असा त्यांचा हेतु होता. परंतु त्यांच्या कानांस दोष होता. त्यांस नीट ऐकूं येत नसे. त्यामुळें वैद्यकीचा विचार सोडावा लागला. हें दार प्रयत्न करूनही उघडण्याजोगें नव्हतें. त्यांनीं हेतु सोडला नाहीं, वाट बदलली. स्त्रियांची सेवा करावयाची हें ठरलेलेंच होतें. औषधानें नाहीं तर शिक्षणानें. १८८९ सालीं मुंबईंत त्यांनीं शारदा सदन उघडलें.

म्हणून टिकून राहणें याचा अर्थ एकाच भिंतीवर डोकें आपटीत राहणें असा नाहीं. कर्वे त्याच परीक्षेस पुन्हां बसले. रमाबाई दुसऱ्या वाटेस लागल्या. दोघेंही टिकून राहिलीं. कोणत्या वेळीं काय करावें? आम्हांस एक साधी कसोटी सुचते. जो अडथळा श्रमानें, वेळानें किंवा कोणाच्या मदतीनें दूर होण्यासारखा आहे, तेथें पुन्हां जावें. जो तसा नाहीं, तेथें आपणांस मुळांत काय करावयाचें होतें हें मनाशीं विचारावें, आणि तेंच दुसऱ्या रीतीनें साधतें काय तें पाहावें. पोलीस-भरतींत ज्याची उंचीच कमी पडते, त्यानें वर्षानुवर्षें धांवून काय उपयोग? परंतु ज्यास आपल्या लोकांचें रक्षण करावयाचें आहे, त्यास दुसरीं अनेक कामें आहेत.

तिसरी गोष्ट : टिकणाऱ्याच्या मागें कोणीतरी चूल पेटती ठेवलेली असते

आतां आम्ही ज्या गोष्टीसाठीं हा धडा लिहावयास बसलों, तिच्याकडे वळूं. धीर धरण्याच्या गोष्टी सांगतांना आपण नेहमीं एकट्या वीराची गोष्ट सांगतों. तो पडला, तो उठला, तो जिंकला. परंतु तो पडलेला असतांना त्याला जेवण कोणी दिलें, हें आपण विचारीत नाहीं.

कन्नमवार चळवळींत पडले होते. चळवळीनें पोट भरत नाहीं. कार्यकर्ता गांवोगांव हिंडतो, तुरुंगांत जातो, आणि घरीं मुलें वाट पाहतात. त्या घराचा भार त्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनीं उचलला. त्यांनीं चंद्रपुरांत खानावळ चालविली. खानावळ चालविणें म्हणजे काय, हें आमच्या भगिनींस सांगावयास नको : पहाटेचें पाणी, धुराची चूल, परक्यांचीं ताटें, दुपारीं पुन्हां तेंच, रात्रीं पुन्हां तेंच, आणि उधारी राहिली तर ती सोसणें. त्या चुलीवर दुसऱ्यांचें अन्न शिजलें, आणि त्यांतूनच या घराचा संसार चालला. मारोतराव कर्मवीर खरे. पण ज्या हातांनीं ती चूल विझूं दिली नाहीं, ते हातही कर्मवीरच होते. पतीच्या मृत्यूनंतर त्या स्वतःही लोकांच्या प्रतिनिधि म्हणून निवडून आल्या. ज्या लोकांनीं त्यांस निवडून दिलें, त्यांस बहुधा ही चूल ठाऊक होती.

आतां वर सांगितलेल्या दोन गोष्टी एकमेकींस कशा जोडल्या गेल्या तें पाहा. रमाबाईंच्या शारदा सदनांत पहिल्यानें जी विधवा विद्यार्थिनी आली, तिचें नांव गोदूबाई. लहानपणींच तिचें कपाळ पांढरें झालें होतें, आणि जगानें तिचें आयुष्य संपलें असें ठरविलें होतें. सदनांत ती शिकली. १८९३ सालीं कर्वे यांनीं तिच्याशीं विवाह केला, व त्यापुढें ती आनंदीबाई म्हणून ओळखली गेली. समाजानें या जोडप्यास वाळींत टाकलें, तेव्हां दोघांनीं एकमेकांस सांवरलें. रमाबाईंस वैद्यकीचें दार बंद झालें नसतें, तर कदाचित् शारदा सदन निघालें नसतें. सदन नसतें, तर गोदूबाईस आसरा मिळाला नसता. ज्यास कोणी सांवरतें, तोच पुढें दुसऱ्यास सांवरतो.

म्हणून त्या बाईच्या प्रश्नाचें आमचें खरें उत्तर असें आहे. मुलास काय सांगावें, हें नंतर पाहूं. आधीं त्याचें ताट सर्वांबरोबर मांडावें. अपयश सोसणें कठीण असतें, परंतु अपयश व एकटेपणा हीं दोन्ही एकदम सोसणें फार थोड्यांस जमतें. बापानें शेजाऱ्यापुढें मुलाचा निकाल उगाळूं नये. ज्या घरीं मुलगा उत्तीर्ण झाला, त्यांनीं पेढे वांटतांना त्याच्या नापास झालेल्या मित्राचें घर वगळूं नये. उपदेशकानें अशा घरीं गेल्यावर पहिल्या भेटींत उपदेश करूंच नये. त्या मुलास आपल्याबरोबर चार कोस चालावयास न्यावें, त्याचें बोलणें ऐकावें.

एक सावधगिरी

हा धडा ऐकून कोणी म्हणेल, "कन्नमवार मुख्यमंत्री झाले, मग आमचा मुलगाही कष्ट करील तर होईल." असें आश्वासन आम्ही देत नाहीं, व कोणीही देऊं नये. लाखों मुलांनीं कष्ट केले, व त्यांचें नांव कोठेंही लिहिलें गेलें नाहीं. आणि कन्नमवार यांचीच गोष्ट घ्या. २४ नोव्हेंबर १९६३ रोजीं, पदावर असतांनाच, त्यांचें निधन झालें. ज्या आसनापर्यंत यावयास चाळिसांहून अधिक वर्षें लागलीं, तेथें ते एक वर्ष व चार दिवस बसले. खुर्ची हेंच जर त्या कष्टांचें मोल असेल, तर हा सौदा फार महागाचा झाला. परंतु मोल त्या वाटेवरील कामांत होतें. खुर्ची मिळाली नसती, तरी तें काम खोटें ठरलें नसतें.

दुसरें असें कीं, मुलाच्या अपयशाचा सर्व दोष मुलाच्या माथीं मारूं नये. ज्या घरीं परीक्षेच्या आधींच मिरचीच्या हंगामासाठीं आईबाप दूर जातात, ज्या गांवची बस वेळेवर येत नाहीं, ज्या वाटेवर वाघाच्या भयानें संध्याकाळीं कोणी निघत नाहीं, तेथील मुलगा व शहरांतील शिकवणीचा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेपुढें बसतात. पहिल्यास "तूं आळशी आहेस" म्हणणें हें असत्य बोलणें होय. त्याची वाट सोपी करणें हें मंडळीचें काम आहे.

आणि आज वाटा पूर्वींपेक्षां अधिक आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. दहावींत नापास झालेल्यास थोड्याच महिन्यांत पुरवणी परीक्षा देतां येते. शाळा सुटलेल्यास सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसतां येतें. हातानें काम करण्याची आवड असणाऱ्यास आय. टी. आय. आहे. काम करीत पुढें शिकूं इच्छिणाऱ्यांसाठीं १९८९ सालीं नाशिक येथें मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, व त्यास यशवंतराव चव्हाण यांचेंच नांव आहे. २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झालें, त्यामुळें वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील मुलांस पदवीसाठीं नागपुराकडे पाहण्याचें कारण उरलें नाहीं. प्रत्येक उपदेशकानें या गोष्टींची माहिती जवळच्या शाळेंत किंवा पंचायतींत जाऊन करून घ्यावी, फॉर्मची शेवटची तारीख वहींत लिहून ठेवावी, व ती वेळेवर घरोघरीं सांगावी. कित्येक मुलांचें वर्ष अभ्यासावांचून जात नाहीं. तारीख न कळल्यामुळें जातें.

त्या घरीं पुढें काय झालें

पावसाळ्याच्या तोंडीं आम्ही पुन्हां त्या गांवीं गेलों. त्या बाईस आम्हीं सांगितलें, "बाई, त्या दिवशीं आम्ही चुकलों. मुलास कांहींच सांगूं नका. संध्याकाळीं त्याला हांक मारून सर्वांबरोबर जेवावयास बसवा. तो नको म्हणाला तर त्याच्या वडिलांनींही थांबावें."

पुढील हकीकत तेथील उपदेशक बंधूंनीं आम्हांस कळविली. पहिल्या दिवशीं मुलगा आला नाहीं. बापही ताटावरून उठून अंगणांत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीं तेंच झालें. तिसऱ्या दिवशीं मुलगा येऊन म्हणाला, "बाबा, तुमी जेवा," आणि बाप म्हणाला, "तू बसशील तं जेवतो." त्या रात्रीं तीं सर्व एकत्र जेवलीं. रोवणी झाली, आणि नंतर उपदेशक बंधूंबरोबर जाऊन त्या मुलानें पुन्हां परीक्षेचा फॉर्म भरला. शेजारच्या गांवच्या एका निवृत्त गुरुजींनीं आठवड्यांतून दोन संध्याकाळीं त्याला गणित शिकविण्याचें कबूल केलें आहे.

हा अंक आपल्या हातीं पडेल तेव्हां त्याची परीक्षा व्हावयाची असेल. तो उत्तीर्ण होईल कीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु निकाल कांहींही लागो, त्या दिवशीं त्याचें ताट मांडलेलें असेल, असा निरोप त्याच्या आईनें आम्हांस पाठविला आहे.

सभेंत विचारण्याचे प्रश्न

१. मारोतराव कन्नमवार यांचें शिक्षण कोठपर्यंत झालें? तें थांबल्यावर त्यांनीं काय केलें?

२. साताऱ्यास कर्वे यांस परीक्षेस कां बसूं दिलें नाहीं? त्यांनीं तो निर्णय आपल्या सर्व आयुष्याचा निर्णय कां मानला नाहीं?

३. कर्वे त्याच परीक्षेस पुन्हां बसले, व रमाबाईंनीं वाट बदलली. दोघांच्या अडथळ्यांत काय फरक होता?

४. गोपिकाबाईंच्या खानावळीवांचून त्या घराचें काय झालें असतें? आपल्या घरीं अशी चूल कोणी पेटती ठेवली आहे? त्यांचे आभार आपण कधीं मानले काय?

५. आपल्या गांवांत आज अंधारांत जेवणारें कोणी आहे काय? त्याच्या घरीं या आठवड्यांत कोण जाईल? नांव ठरवूनच सभा संपवावी.